न घडलेल्या अपघातांचा इतिहास

अपघात घडला की पंचनामा होतो, जखमींची आणि मृतांची गणती होते, वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात. अपघात थोडक्यात टळला, तर दोन्ही चालक एकमेकांकडे रागाने पाहतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. त्या क्षणाची नोंद कोठेही उरत नाही. रस्ता सुरक्षेच्या विज्ञानाने गेल्या नव्वद वर्षांत जी वाट चालली, ती बरीचशी या हरवणाऱ्या नोंदीच्या शोधात चालली आहे. वाहनचालक रोज, कोणी पाहत नसताना, प्रत्यक्षात काय करतो, हा तिचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर मिळवण्याच्या पद्धतीला आज ‘नॅचरलिस्टिक ड्रायव्हिंग स्टडी’, म्हणजे सहज परिस्थितीतील वाहनचालनाचा अभ्यास, असे नाव आहे.

हा प्रश्न भारतासाठी किती निकडीचा आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालावरून दिसते. त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले, १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक जीव गेले. याच अहवालात ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले आहे.

हे कारण कोठून येते, याचा विचार केला पाहिजे. अपघातानंतर पोलीस येतात, जागेची मोजणी करतात, साक्षीदारांना विचारतात आणि फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ ही ठरलेली शब्दरचना उमटते. कायद्याला दोषी हवा असतो, म्हणून नोंद दोषाची होते. परंतु धडकेपूर्वीच्या चार-पाच सेकंदांत चालकाची नजर कोठे होती, समोरचे वाहन कसे वळले, वळणावरचे झाड दृष्टीआड काय लपवत होते, यांपैकी काहीही त्या कागदावर येऊ शकत नाही. मृत चालक सांगू शकत नाही. जिवंत चालकाला सांगणे परवडत नाही. आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच ते आठवत नाही. अपघातानंतरच्या पुराव्यावरून अपघातापूर्वीचे वर्तन जाणून घेण्याची ही मर्यादा जगभरच्या संशोधकांना फार लवकर जाणवली होती.

१९३३ साली अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने ओहायो राज्यात रस्त्याकडेला चलच्चित्र घेणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा उभा केला. ठरावीक अंतराने टिपलेल्या चित्रांत एकच मोटार किती पुढे सरकली, हे मोजून तो तिचा वेग आणि पुढच्या मोटारीपासूनचे तिचे अंतर काढी. वाहतुकीची घनता वाढत जाते तसा वेग कसा घटतो, याचे त्याने मांडलेले सरळ रेषेचे सूत्र आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच शिकवले जाते. त्या सूत्रामागची पद्धत मात्र क्वचितच सांगितली जाते. ग्रीनशील्ड्सने कोणालाही थांबवले नाही, कोणाला प्रश्नावली दिली नाही. रस्ता जसा वाहत होता तसा त्याने टिपला. पुढे उतारवयात त्याने मोटारीच्या आतच उपकरण बसवले. सुकाणू किती वेळा उलटसुलट फिरले, ब्रेक आणि गतिवर्धक किती वेळा दाबले गेले, याची ते मोजदाद ठेवी. त्याचे नाव त्याने ‘ड्रायव्होमीटर’ असे ठेवले.

ग्रीनशील्ड्स बाहेरून पाहत होता. चालकाच्या डोक्यात शिरण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३८ साली झाला. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन आणि त्यांचे सहकारी लॉरेन्स क्रुक्स यांनी असे मांडले की चालकाला समोर रस्ता दिसत नसतो, ‘सुरक्षित वाटचालीचे क्षेत्र’ दिसत असते. जिभेच्या आकाराचे हे क्षेत्र मोटारीपुढे पसरलेले असते. समोरून वाहन आले की ते आकसते, रस्ता मोकळा झाला की लांबते. चालक क्षणाक्षणाला या क्षेत्राच्या आत राहण्याचा प्रयत्न करतो. अपघात म्हणजे त्याने कल्पिलेले क्षेत्र आणि प्रत्यक्षातले क्षेत्र यांत पडलेली फारकत. कल्पना मोठी सुंदर होती, पण ती तपासून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

साधनाच्या शोधातला एक प्रयोग आज विनोदी वाटतो, पण त्याचा निष्कर्ष गंभीर आहे. १९६७ साली जॉन सेंडर्स या संशोधकाने मॅसॅच्युसेट्समधील महामार्गावर डोक्याला शिरस्त्राण घालून मोटार चालवली. त्या शिरस्त्राणाला एक पडदा होता. तो मधूनमधून डोळ्यांवर पडे आणि समोरचे काहीच दिसेनासे होई. किती वेगाला किती काळ न पाहता गाडी चालवता येते, हे त्याला मोजायचे होते. वेग वाढला किंवा रस्ता वळणाचा असला की चालकाला पुन्हा पाहण्याची घाई होते, हे त्यातून आकड्यांत मांडता आले. या प्रयोगासाठी २०११ साली सेंडर्सना हसवून विचार करायला लावणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले. गमतीचा भाग सोडला, तर लक्ष ही मोजता येणारी आणि खर्च होणारी गोष्ट आहे, हे या प्रयोगाने रस्त्यावर सिद्ध केले.

त्याच सुमारास जनरल मोटर्समधील पर्किन्स आणि हॅरिस यांनी चौकांत निरीक्षक बसवले. त्यांना अपघात मोजायचे नव्हते, कारण एका चौकात वर्षभरात घडणारे अपघात मोजण्याइतके नसतातच. त्यांनी ‘संघर्ष’ मोजले: कोणाला अचानक ब्रेक दाबावा लागला, कोणाला एकाएकी बाजूला वळावे लागले. येथून ‘वाहतूक संघर्ष पद्धती’ जन्माला आली. १९७२ साली जॉन हेवर्ड याने तिला एक मोजपट्टी दिली. दोन वाहने आहे त्याच वेगाने, आहे त्याच दिशेने जात राहिली, तर किती सेकंदांनी धडकतील? समोरचे वाहन २० मीटरवर असेल आणि त्याच्याकडे सेकंदाला १० मीटर या गतीने सरकणे चालू असेल, तर उत्तर २ सेकंद. हा आकडा जितका लहान, तितका टळलेला अपघात खऱ्या अपघाताच्या जवळचा. पुढे स्वीडनमधील लुंड येथे या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आणि ती युरोपभर पसरली.

या सगळ्यामागे कारखान्यातून आलेले एक गृहीतक होते. १९३१ साली विमा क्षेत्रातील हर्बर्ट हाइनरिख यांनी औद्योगिक अपघातांविषयी असे म्हटले होते की एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० इजा न झालेल्या घटना असतात. हे नेमके प्रमाण पुढे पुष्कळ टीकेला पात्र ठरले. पण तळातल्या असंख्य लहान घटना पाहिल्या तर शिखरावरच्या विरळ, भीषण घटनेची चाहूल लागते, ही कल्पना टिकून राहिली. तिच्यावर विसंबावे की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्याकडे पुढे यावेच लागेल.

१९७० च्या दशकात इंडियाना विद्यापीठाच्या पथकांनी प्रत्यक्ष अपघातस्थळी जाऊन कारणांचा मोठा अभ्यास केला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालातील एक आकडा जगभर गेला: सुमारे ९३ टक्के अपघातांत मानवी घटक. हा आकडा आजही भाषणांत, फलकांवर आणि पाठ्यपुस्तकांत भेटतो. त्याच अहवालात आणखी दोन आकडे होते. सुमारे ३४ टक्के अपघातांत रस्ता व परिसर यांचा वाटा होता आणि सुमारे १३ टक्क्यांत वाहनाचा. तिन्हींची बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण एकाच अपघाताला अनेक कारणे असतात. उपाय निवडताना हा भेद निर्णायक ठरतो. चालक चुकला हे खरे असले, तरी रस्त्याची रचना बदलून ती चूक प्राणघातक होण्यापासून वाचवता येते. पण ९३ हा आकडा एकटा उचलला, की सारा भार चालकाच्या माथ्यावर पडतो आणि रस्ता बांधणारा सुटतो.

खरी कलाटणी मिळाली ती कॅमेरे लहान आणि स्मृतिसाठे स्वस्त झाल्यावर. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने, अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या साहाय्याने, २००३ ते २००४ या काळात वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात १०० मोटारींत उपकरणे बसवली. पाच कॅमेरे, त्वरणमापक, पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार, असा सारा संच दृष्टीआड ठेवलेला होता. चालकांना कोठे जायचे, कसे चालवायचे, हे कोणी सांगितले नाही. कामावर जा, मुलांना शाळेत सोडा, बाजार करा. एकूण २४१ चालक, सुमारे २० लाख मैल आणि ४३,००० तास. पाखरांचा अभ्यास पिंजऱ्याऐवजी रानात करावा, असा आग्रह कॉनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन यांनी प्राणिवर्तनशास्त्रात धरला होता. तोच आग्रह येथे मोटारचालकाला लागू झाला. कॅमेऱ्याच्या जाणिवेने माणूस सुरुवातीला सावधपणे वागतो, पण काही काळाने त्याला कॅमेऱ्याचा विसर पडतो आणि तो जांभया देतो, केस विंचरतो, फोन शोधतो. त्या विसरण्यातच या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६९ अपघात, थोडक्यात टळलेले ७६१ अपघात आणि त्याहून सौम्य अशा ८,२९५ घटना होत्या. यांतील बऱ्याच धडका पोलिसांच्या दप्तरी कधीच पोहोचल्या नव्हत्या. सुमारे ८० टक्के अपघातांत आणि ६५ टक्के टळलेल्या अपघातांत, घटनेच्या आधीच्या ३ सेकंदांत चालकाची नजर समोरून ढळलेली होती. समोरून हटलेल्या नजरेचा एकूण काळ २ सेकंदांहून अधिक झाला, की धोका किमान दुप्पट होत होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन २ सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. एवढ्या अंतरात शाळेतून सुटलेले मूल रस्ता ओलांडून अर्ध्यावर आलेले असते. तंद्रीत गाडी चालवण्याचा धोका चार ते सहापट भरला.

या आकड्यांइतकीच त्यांच्यामागची युक्ती महत्त्वाची आहे. अपघाताच्या वेळी शंभरांतले तीस चालक फोनवर होते, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण एरवीही तीस जण फोनवर असू शकतात. म्हणून संशोधकांनी त्याच चित्रफितींतून काहीही न घडलेल्या वेळेचे, प्रत्येकी सहा सेकंदांचे, २०,००० तुकडे यदृच्छेने निवडले आणि त्यांत चालक काय करीत होते तेही मोजले. घडलेले आणि न घडलेले यांची तुलना झाल्यावरच ‘धोका इतक्या पटीने वाढतो’ असे म्हणता आले. रोगपरिस्थितिशास्त्रात आजारी माणसांची तुलना निरोगी माणसांशी करतात, तीच ही रीत. सामान्य, कंटाळवाण्या, काहीही न घडलेल्या क्षणांना विज्ञानात एवढी किंमत क्वचितच आली असेल.

या अभ्यासातून एक वादही उभा राहिला. कॅनडातील रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी १९९७ साली दूरध्वनीच्या बिलांवरून दाखवले होते की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो. प्रयोगशाळेतील सिम्युलेटरवरचे निष्कर्षही त्याच बाजूचे होते. सहज निरीक्षणात मात्र नुसत्या बोलण्याचा धोका तेवढा मोठा दिसेना. फोन उचलणे, क्रमांक लावणे, संदेश टंकणे यांचाच धोका ठळक दिसे. २००९ साली ट्रकचालकांच्या अभ्यासात संदेश टंकताना धोका सुमारे २३ पट आढळला. त्या वेळी चालकाची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नसे. ताशी ९० किलोमीटर वेगाला हे अंतर ११५ मीटर होते. दोन पद्धती, दोन उत्तरे. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक चालकाला सारखीच परिस्थिती देता येते, पण तिथे मरणाची भीती नसते. खऱ्या रस्त्यावर भीती असते, पण चालक फोनवर बोलण्यासाठी सोपा रस्ता स्वतःच निवडतो. दोहोंपैकी एकच खरे मानण्याचे कारण नाही.

या वादाला उत्तर देण्याइतकी सामग्री २०१० ते २०१३ या काळात जमली. अमेरिकेतील सहा ठिकाणी ३,००० हून अधिक चालक, सोळा वर्षांच्या नवशिक्यांपासून नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत, आपापल्या गाड्यांत कॅमेरे बसवून घेण्यास राजी झाले. सुमारे २ पेटाबाइट माहिती साठली. २०१६ साली टॉम डिंगस आणि सहकाऱ्यांनी तीतील ९०५ अपघातांचे विश्लेषण मांडले. हाती धरलेल्या फोनच्या वापराने धोका ३.६ पट, आणि चालवताना क्रमांक लावण्याने सुमारे १२ पट वाढत होता. हाती धरलेल्या फोनवर नुसते बोलण्याचा धोकाही या वेळी दुपटीहून थोडा अधिक निघाला. चालक निम्म्याहून अधिक वेळ कशा ना कशात गुंतलेले असत. युरोपात २०१२ ते २०१७ दरम्यान ‘यूड्राइव्ह’ हा प्रकल्प झाला आणि त्यात मोटारी व ट्रक यांच्याबरोबर दुचाकीही होत्या. शांघायमध्ये ६० चालकांवर अभ्यास झाला, ऑस्ट्रेलियातही झाला.

तरीही या साऱ्या इतिहासात एक पोकळी राहिली. ज्या देशांत कॅमेरे बसले, तिथे मरणारा माणूस बहुधा मोटारीच्या आत असतो. ज्या देशात तो मोटारीच्या बाहेर असतो, तिथे कॅमेरे बसले नव्हते.

छत्तीसगढच्या राजधानीत, रायपूरमध्ये, समता कॉलोनी नावाची वस्ती आहे. शेजारी चौबे कॉलोनी. जवळूनच शहराचा कणा असलेला जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, जातो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाचा मराठी माणसाशी संबंध आहे आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. त्या दोन शहरांना जोडणारा हाच रस्ता. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आजचा ५३. १९५६ मध्ये पायाभरणी झालेले, खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून सुरू झालेले आजचे रायपूरचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान याच रस्त्यावर आहे. अशा वस्तीच्या तोंडाशी कोणत्याही सायंकाळी जे दिसते, ते व्हर्जिनियाच्या रस्त्यावर दिसत नाही. गल्लीतून स्कूटर न थांबता मुख्य रस्त्याला मिळते. ई-रिक्षा प्रवासी पाहून मध्येच उभी राहते. विरुद्ध दिशेने कडेकडेने सायकल येते. हातगाडी, शाळेची व्हॅन, पायी चालणारी आजी आणि बसलेली गाय, सारे एकाच डांबरी पट्ट्यावर.

या वाहतुकीला ‘बेशिस्त’ म्हणून मोकळे होता येते, पण त्याने ज्ञान वाढत नाही. अमेरिकी अभ्यासात ०.६ जी किंवा त्याहून तीव्र ब्रेक लागला की संगणक त्या क्षणावर खूण करी, कारण तिथे असा ब्रेक विरळा. मिश्र वाहतुकीत वेग कमी, अंतरे इंचांची आणि ब्रेक पावलोपावली. तोच उंबरठा ठेवला तर पायी चालणाऱ्याला चाटून गेलेली बस खुणेविना सुटेल. तो खाली आणला तर दिवसाकाठी हजारो निरर्थक खुणा जमतील. धडकेला उरलेल्या सेकंदांचे हेवर्डचे माप एका रांगेत चालणाऱ्या मोटारींसाठी सोपे. आजूबाजूने शिरणाऱ्या दुचाकींसाठी ते नव्याने मांडावे लागते. म्हणजे परदेशातून उपकरण आणता येते, पण मोजपट्टी इथेच घडवावी लागते.

ही जाणीव भारतात नवी नाही. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थानातील प्राध्यापक दिनेश मोहन यांनी आयुष्यभर हेच सांगितले की भारतीय रस्त्यावरचे मृत्यू प्रामुख्याने पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांचे आहेत, आणि चालकाला दोष देणाऱ्या पोलीस नोंदींवर धोरण उभारता येत नाही. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या आय.आय.टी.त नागेंद्र वेलगा यांच्या गटाने सिम्युलेटरवर भारतीय चालक तपासले. समोर अचानक पादचारी आला असता, साध्या संभाषणात गुंतलेल्या चालकाचा प्रतिसादकाळ सुमारे ४० टक्क्यांनी, तर गुंतागुंतीचा संदेश टंकणाऱ्याचा सुमारे २०४ टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. २०१८ च्या सुमारास हैदराबादच्या आय.आय.आय.टी.ने ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ हा चित्रसंग्रह खुला केला. हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरील सुमारे १०,००० चित्रे आणि त्यांत दिसणाऱ्या गोष्टींचे ३४ वर्ग. युरोपीय रस्त्यांवर शिकलेल्या संगणकाला ऑटोरिक्षा ओळखता येत नव्हती. तिचे नाव त्याला इथे शिकवावे लागले.

या साऱ्या धाग्यांची गाठ पडली ती ग्रेट ईस्टर्न रोडच्या पश्चिम टोकाला, नागपुरात. २०२१ मध्ये तिथे ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय अभियानातून उभे राहिलेले हैदराबादच्या आय.आय.आय.टी.तील केंद्र, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, नागपूर महानगरपालिका आणि इंटेल व महिंद्रा हे उद्योग, असा त्याचा मेळ. महापालिकेच्या बसगाड्यांच्या काचेमागे कॅमेरा असलेली चालक-साहाय्य यंत्रणा बसवण्यात आली. समोरचे वाहन फार जवळ आले, पादचारी वाटेत आला, बस पट्टा सोडू लागली, की ती चालकाला इशारा देते. त्याच वेळी इशाऱ्याची जागा आणि वेळ नोंदली जाते.

या प्रकल्पातून एक नवा शब्द रुळला: ‘ग्रे स्पॉट’, करडी जागा. सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० माणसे मेली, की ती ‘ब्लॅक स्पॉट’, काळी जागा ठरते. म्हणजे दुरुस्तीच्या यादीत नाव येण्यासाठी रस्त्याला आधी बळी द्यावे लागतात. करडी जागा म्हणजे बळी जाण्याआधीच शंका यावी अशी जागा. दिवसभर त्याच मार्गावर फेऱ्या मारणाऱ्या अनेक बसगाड्यांना एकाच थांब्याजवळ पुन्हा पुन्हा इशारे मिळू लागले, तर दोष एखाद्या चालकाचा नसून त्या जागेचा असण्याची शक्यता बळावते. मग तिथे पादचाऱ्यांसाठी पट्टे, वेगरोधक, दिवा किंवा थांब्याची जागा बदलणे यांचा विचार करता येतो. चौकात निरीक्षक बसवणाऱ्या पर्किन्स आणि हॅरिस यांची पद्धत जणू चाकांवर बसून शहरभर फिरू लागली. तेलंगणाच्या राज्य परिवहन बसगाड्यांपर्यंतही हा प्रकल्प पुढे गेला.

काटेकोरपणे पाहिले, तर नागपूरचा प्रयोग शुद्ध निरीक्षण नव्हे. इशारा मिळालेला चालक बदलतो. निरीक्षण करता करताच उपचारही चालू असतो. दोन्ही वेगळे करायचे तर काही काळ यंत्रणा मुकी ठेवून, इशारा न देता, फक्त नोंद करावी लागते आणि त्या काळाशी पुढच्याची तुलना करावी लागते. दुसरे असे की बस म्हणजे शहर नव्हे. बसचा मार्ग जिथे नाही, त्या समता कॉलोनीसारख्या वस्तीच्या आतल्या गल्ल्या या नकाशावर कोऱ्या राहतात, आणि दुचाकीस्वाराची नजर बसच्या काचेतून दिसत नाही. तिसरी अडचण हाइनरिखपासून चालत आलेली. टळलेला अपघात खऱ्या अपघाताचा विश्वासू प्रतिनिधी आहे काय? पाठीमागून धडकण्याच्या बाबतीत पुरावे बरेच अनुकूल आहेत. मात्र रात्री मोकळ्या रस्त्यावर उभ्या ट्रकवर दुचाकी आदळते, तेव्हा पुष्कळदा आधी ब्रेकही लागलेला नसतो. ज्याला टळणे म्हणावे अशी घटनाच तिथे नसते. करड्या जागांची यादी काळ्या जागांशी वर्षानुवर्षे ताडून पाहणे, हाच त्यावर उपाय.

सर्वांत नाजूक प्रश्न विश्वासाचा आहे. कॅमेरा चालकाकडे वळला, की त्याचा चेहरा, शेजारी बसलेला माणूस, गाडीतले बोलणे, घराचा पत्ता, सारे नोंदीत येते. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात चेहरा दिसेल अशी चित्रे फक्त बंदोबस्ताच्या दालनात, परवानगी घेतलेल्या संशोधकांनाच पाहता येतात. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण कायद्यापलीकडेही एक गोष्ट उरते. बसचालकाला मिळालेल्या इशाऱ्यांची संख्या त्याची वेतनवाढ रोखण्यासाठी वापरली गेली, तर तो पहिल्या आठवड्यातच कॅमेऱ्यावर कापड टाकील, आणि त्याचे ते वागणे समजण्यासारखे असेल. विमानवाहतुकीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. वैमानिकाने आपली चूक स्वतःहून कळवावी, म्हणून अशा माहितीला शिक्षेपासून संरक्षण देण्याची पद्धत तिथे रुजली. दोषीच्या शोधासाठी जमवलेली माहिती आणि कारणाच्या शोधासाठी जमवलेली माहिती एकाच कॅमेऱ्यातून येऊ शकते. ती कोणत्या टेबलावर जाते, यावर तिचे शास्त्र होते की पंचनामा, हे ठरते.

ग्रीनशील्ड्सच्या त्रिपाईपासून नागपूरच्या बसच्या काचेपर्यंत उपकरणे पार बदलली. चालकाला न अडवता, न घाबरवता, त्याच्या रोजच्या वाटेवर पाहत राहणे ही मूळ रीत मात्र तीच आहे. तिच्यासाठी पेटाबाइटभर साठा लागतोच असेही नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या दारासमोरच्या चौकात, वर एका गच्चीवर कॅमेरा ठेवून, एका सायंकाळी किती वाहनांना अचानक ब्रेक दाबावा लागला आणि नेमका कोठे, एवढे शिस्तीने मोजले, तरी पर्किन्स आणि हॅरिस यांनी केले ते काम त्यांनी केलेले असेल. तो कागद महापालिकेच्या रस्ते विभागाकडे पोहोचला आणि त्या जागी पादचाऱ्यांसाठी एक पट्टा ओढला गेला, तर पुढच्या वर्षीच्या अहवालात तिथे कोण वाचले, याची नोंद अर्थातच नसेल. वाचलेल्या माणसाचे नाव कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही.

#रस्तासुरक्षा #विज्ञानाचाइतिहास #वाहनचालन #नागपूर #रायपूर